तिथीची पाऊणपट, अधिक पाच दिवस

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात चालत जायचे असेल तर आधी तिथी विचारतात. तिथीला तीनने गुणावे, चाराने भागावे. येतो तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास पाणी ओसरलेले. ज्याला हे तोंडी गणित जमते, त्याने बँकेला भिण्याचे कारण नाही. फक्त समुद्र नेलेले पाणी ठरल्या वेळी परत आणतो, आणि बँकेला त्याची आठवण करून द्यावी लागते. पुढील मार्गदर्शन उरण ते श्रीवर्धन पट्ट्यातील खातेदारांसाठी आहे. घाटावरच्यांनी ते आपल्या जबाबदारीवर वापरावे.

पहिली पायरी मुहूर्ताची. कोळीवाड्यात उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान भरती पोरांनाही कळते. शाखेलाही दोन्ही असतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनचे उधाण येते आणि पासबुक छापण्याची रांग जिन्यापर्यंत जाते. तक्रारदाराने भांग गाठावा. दुसरा आणि चौथा शनिवार 1 सप्टेंबर 2015 पासून बँकांना सुट्टीचा आहे. तरीही दर महिन्याला कोणीतरी एसटीने तासभर येऊन कुलपाचे दर्शन घेऊन जातोच. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्याला, तक्रारीसाठी वेळच वेळ. नेमकी तेव्हाच वीज जाते आणि विजेबरोबर नेटही.

दुसरी पायरी भाषेची. खिडकीवरची मराठी व्याकरणात बसत नाही, ती शिकून घ्यावी लागते. 'होऊन जाईल' या वाक्याला कर्ता नाही. 'वरून होतं' यातले 'वर' कोणत्या मजल्यावर आहे ते कोणी पाहिलेले नाही. 'सर्व्हर डाउन आहे' हे हवामानाच्या अंदाजासारखे ऐकावे. 'होम ब्रँचला जा' ऐकू आले आणि होम ब्रँच दादरला असली, तर मांडव्याच्या लाँचचे तिकीट काढण्याआधी हे लेखी मागावे. लेखी मागताच पुष्कळदा काम इथेच होते.

आता मुख्य विधी. समजा 1 तारखेला एटीएमने खडखड केली, नोटा मोजल्याचा आवाज काढला, पण नोटांची झडप उघडलीच नाही; मोबाइलवर मात्र 5,000 रुपये गेल्याचा संदेश आला. यंत्राला थापटू नये. यंत्राचा क्रमांक आणि वेळ टिपून घ्यावी. पावती आली तर तिचा लगेच फोटो काढावा, कारण त्या गुळगुळीत कागदावरचा मजकूर काही आठवड्यांत उडतो आणि हातात कोरी चिठ्ठी राहते.

मग गणित करावे. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार असे अडकलेले पैसे व्यवहाराचा दिवस अधिक पाच दिवस, एवढ्या मुदतीत आपोआप खात्यात परत यायला हवेत. आपल्या उदाहरणात 6 तारीख. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. पैसे 20 तारखेला आले तर 14 दिवसांचे 1,400 रुपये. तिथीच्या पाऊणपटीपेक्षा हे सोपे आहे. परिपत्रक पुढे असेही सांगते की ही भरपाई बँकेने तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून द्यायची. 'स्वतःहून' हा शब्द खिडकीवर एकदम मोठ्याने वाचू नये. आत कोणी चहा पीत असते, ठसका लागतो.

तोंडी सांगितलेले ओहोटीबरोबर जाते, म्हणून अर्ज लेखी आणि दोन प्रतींत. फॉर्म हवा असेल तर मराठीतला मागावा. बँकेचे फॉर्म हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत असावेत असा नियमच आहे. एक प्रत बँकेला, दुसरीवर शिक्का, तारीख, सही. खरा सामना इथे रंगतो. 'ठेवून जा, साहेब बघतील.' ग्राहकाने दुसरी प्रत हसतमुखाने आत सरकवावी. शिक्का टेबलावर नसतो, ड्रॉवरमध्येही नसतो. तो जेवायला गेलेल्या मॅडमकडे असतो. बाकड्यावर बसावे. मॅडम येतात, शिक्क्याला शाई नसते, त्यावर फुंकर घातली जाते आणि अर्जाच्या कोपऱ्यात अर्धवट निळे वर्तुळ उमटते. ते अर्धे वर्तुळ पुरे. पोच मिळाली.

चूक उलट्या बाजूनेही होते. 2021 मध्ये पैठण तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात 15 लाख रुपये जमा झाले. निवडणुकीतला शब्द खरा झाला असे समजून त्याने पंतप्रधानांचे आभार मानले आणि सुमारे नऊ लाखांचे घर बांधले. पैसे पिंपळवाडी ग्रामपंचायतीचे होते. काही महिन्यांनी बँकेला जाग आली. 1872 च्या करार कायद्याचे कलम 72 सांगते की चुकून मिळालेले पैसे परत करावे लागतात. तेव्हा अशी लक्ष्मी आली तर पहिली वीट रचण्याआधी बँकेला पत्र द्यावे, आणि त्याचीही पोच घ्यावी.

काही प्रकरणे मात्र या मार्गदर्शनाच्या आवाक्याबाहेरची. पेण अर्बन बँकेवर 2010 मध्ये निर्बंध आले आणि ठेवीदारांची वर्षे मोर्चांत गेली. पनवेलच्या कर्नाळा नागरी बँकेचा परवाना ऑगस्ट 2021 मध्ये रद्द झाला. तोवर ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली होती, म्हणून बहुतेकांची ठेव विम्यात बसली. पतसंस्थेत पैसे असतील तर हा विमाही नाही.

शेवटची पायरी लोकपालाची. बँक 30 दिवस गप्प राहिली किंवा उत्तर पटले नाही, तर 2021 च्या एकात्मिक लोकपाल योजनेने दार उघडून दिले. फी नाही, चौकशीसाठी 14448. कागदी तक्रार चंडीगडच्या केंद्रात जाते, आणि ती कोणत्याही भाषेत चालते, म्हणजे श्रीवर्धनची मराठीही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख याच जिल्ह्यातले, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले. त्यांनी मेघदूत मराठीत आणले. त्यातल्या यक्षाने वर्षाच्या शिक्षेत आपला निरोप मेघाबरोबर धाडला. आता तक्रारीही क्लाउडवरूनच जातात, आणि 2021 च्या योजनेने मुदतही वर्षाचीच ठेवली. यक्षाला मेघाकडून पोच मिळाली का, हे कालिदासाने लिहिलेले नाही. खातेदाराने तक्रार क्रमांक पासबुकाच्या मागच्या पानावर पेनाने लिहून ठेवावा.