फाइल कुठे जात नाही

प्रत्येक सोसायटीत एक दिगूकाका असतात. आमचे बी विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. बँकेतून निवृत्त. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीचे व्हीआरएसचा हिशोब करत बसले होते आणि आपण मॅन्युअल घरी आणून वाचत होतो, असं ते स्वतःच सांगतात. खोटं म्हणायचं कारण नाही. सांगताना वर्ष बदलतं, मॅन्युअलची जाडी वाढते, इतकंच.

कुणाच्याही घरातून ‘अहो, फोल्डर रिकामा दिसतोय!’ अशी हाक उठली की काकांना बोलावणं जातं. ते शर्टाची बटणं लावत लावतच येतात. पहिला प्रश्न ठरलेला : “काय केलंत?” उत्तरही ठरलेलं : “काहीच नाही केलं हो!” काका मान डोलावतात. काहीच न करणाऱ्यांच्याच फाइली जातात, हा त्यांचा अनुभव. मग खुर्ची पुढे ओढून ते एफ-फाइव्ह दाबतात. एकदा. पुन्हा एकदा. मग जरा इकडचं तिकडचं बोलून, कॉम्प्युटर बेसावध असताना तिसऱ्यांदा. हसू नका, बरीच प्रकरणं इथेच मिटतात. खिडकीत दिसते ती फाइलींची नुसती यादी. डिस्कवर काय बदललं याचा तिला कधी कधी पत्ताच नसतो, विशेषतः फाइली दुसऱ्या मशीनवर असल्या की. “यादीवर जाऊ नका वहिनी. फाइल कुठे जात नाही. दिसत नाही, एवढंच.”

पण त्यांचा खरा प्रांत पेन ड्राइव्ह. झेरॉक्सच्या दुकानात एक प्रिंट काढायला म्हणून तो लावला आणि घरी आणून पाहिलं, तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले, प्रत्येकाच्या कोपऱ्यात तो टीचभर बाण, आणि क्लिक केलं तर काही नाही. ए विंगमधल्या एका पोराचं असंच झालं. प्रोजेक्ट दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. आईचं पोराला बोलून संपलं होतं, आता देवाशी चाललं होतं. काकांनी आधी प्रॉपर्टीज उघडल्या. “आत काही नाही म्हणता. मग ही पाच जीबी जागा खाल्ली कोणी?” मग खिशातून विमा एजंटाने दिलेली जुनी डायरी निघाली. तीत लाल शाईने एक कमांड लिहिलेली आहे. काळ्या खिडकीत ती एका बोटाने टाइप करायची, आणि मोठ्याने म्हणत : “ए, टी, टी, आर, आय, बी... स्पेस. मायनस एच. स्पेस. मायनस आर...” मध्ये कुणी खोकलं तर पहिल्यापासून. अशा व्हायरसने फाइली सहसा पुसलेल्या नसतात. त्यांच्यावर ‘लपलेली’ आणि ‘सिस्टिमची’ असे शिक्के मारलेले असतात, ते या कमांडने उतरतात. एंटर दाबल्यावर फोल्डर एकेक करून उगवले. माउलीने हात जोडले. “मला कशाला? आधी त्या पोराला अँटिव्हायरस टाकून द्या.”

त्रास वेगळाच आहे. काका फाइल शोधताना नावं मोठ्याने वाचतात. शेजारच्यांची एक फाइल हरवली तेव्हा सगळं कुटुंब मागे उभं होतं, आणि काका खणखणीत आवाजात वाचत होते : “राजीनामा. राजीनामा फायनल. राजीनामा फायनल दोन. हीच का हो?” फाइल भलतीच हवी होती. नोकरी सोडायचा बेत घरात फुटला तो असा. काकांना मात्र त्यातलं काही जाणवलं नाही. ते ‘मॉडिफाइड डेट’ बघत होते.

जुन्या, बंद पडलेल्या लॅपटॉपची डिस्क केसमध्ये घालून नव्याला जोडली, की फोटोंचं फोल्डर दिसतं आणि उघडायला गेलं तर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. इथे काका खुलतात. “सातबारा जुन्या मालकाच्या नावावर आहे. आणि या मशीनला तो मालकच ठाऊक नाही. फेरफार करावा लागेल.” सिक्युरिटीत जाऊन मालकी बदलायला अर्धा तास, हे समजावून सांगायला दीड. पीएचडी करणाऱ्या एका मुलीची फाइल दिसायची पण कॉपी व्हायची नाही. तिने फोल्डरात फोल्डर करत प्रत्येकाला प्रबंधाचं अख्खं शीर्षक दिलं होतं, आणि विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची. काकांनी वरच्या फोल्डरचं नाव ठेवलं ‘अ’. मुलगी हिरमुसली, फाइल निघाली.

लहान मुलांसाठी त्यांची एक पैज आहे : ‘सी-ओ-एन’ नावाचं फोल्डर करून दाखव, चॉकलेट माझ्याकडून. डॉसच्या काळापासून ते नाव यंत्राने स्वतःसाठी राखून ठेवलंय, त्यामुळे चॉकलेट अजून गेलेलं नाही. मला तर वाटतं ते विकतच घेतलेलं नाही.

मध्यंतरी काका जरा खचले होते. सी विंगमध्ये नेट गेलेलं, आणि एकीला मुंजीचे फोटो लगेच हवे होते. नावं हजर, तारखा हजर, उघडायला गेलं की नन्नाचा पाढा. प्रत्येक नावाशेजारी एक बारीकसा ढग. एफ-फाइव्ह झालं, डायरी झाली. शेवटी कळलं की फोटो क्लाउडवर आहेत आणि इथे आहे ती फक्त यादी. आजवर फाइल असायची, दिसायची नाही. ही दिसत होती आणि नव्हती! “म्हणजे यादी खोटी म्हणायची सोयच राहिली नाही,” असं पुटपुटत काका चहा न घेता निघून गेले. आमच्या सोसायटीत ही मोठी बातमी होती.

आठवड्याभरात ते सावरले. आता जिथे जातील तिथे, न बोलावता, राइट क्लिक करून ‘कायम याच मशीनवर ठेवा’ हा पर्याय निवडतात, सरसकट सगळ्या फोल्डरांवर. परिणामी निम्म्या बी विंगचा सी ड्राइव्ह भरून लाल झालाय. त्यावरही आपल्याकडे उपाय आहे म्हणतात. रविवारी दहा वाजता क्लबहाउसमध्ये सगळ्यांना बोलावलंय. चार्जर ज्याचा त्याने आणायचा.