अभ्यास अर्ध्या मिनिटात

पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणाऱ्याला मेसच्या पाणचट डाळीची सवय होते, परीक्षा पुढे ढकलल्याचीही होते. होत नाही ती रीलमधल्या पहाटे चारला उठणाऱ्या पोराची. टेबल लख्ख, नोट्स चार रंगांत, वर पाटी: 'आज १४ तास'. हे मी बघायचो रात्री दीडला, गादीवर लोळत. म्हणजे तो उठायची वेळ होत आली आणि मी अजून झोपलोच नाही! छातीत धडधडायचं. ती धडधड घालवायला आणखी रील. बोट सरकवत राहायचं, तळ लागतच नाही. ही बिनतळाची सोय आझा रास्किन नावाच्या अमेरिकन माणसाने २००६ मध्ये काढली आणि पुढे जाहीर पस्तावला. त्याचा पस्तावाही मी रीलमध्येच पाहिला.

मग म्हटलं, आपणही काय कमी आहोत? चार रंगांचे हायलायटर आणले, 'तात्यांचा ठोकळा' हे गाइड उभं करून त्याला मोबाईल टेकवला, टाइमलॅप्स लावला आणि लक्ष्मीकांत यांचं राज्यघटनेवरचं पुस्तक उघडून बसलो.

संध्याकाळी पाहिलं. अख्खा दिवस अर्ध्या मिनिटात. मी येतो. बाटली भरायला जातो. येतो. कान कोरतो. कॅमेरा चालू आहे ना बघतो. केस सारखे करतो. पिवळा हायलायटर उघडतो, बंद करतो. मग मान हळूहळू खाली, आणि कपाळ मूलभूत हक्कांवर. पान शेवटपर्यंत उलटलेलं नाही. मोबाईल चित्रीकरणात अडकला होता, म्हणून कित्येक दिवसांनी एवढी गाढ झोप लागली, एवढंच.

रूममेटने तो व्हिडिओ परस्पर टाकला. लोक खदाखदा हसले, 'सेम टू सेम भावा' म्हणाले. एकाने मात्र लिहिलं, 'याचं काही होणार नाही.' बाकीचं सगळं विसरलो, ते वाक्य तोंडपाठ झालं. कलम ३२ अजून होत नाही. रात्रभर दर दोन मिनिटांनी व्ह्यूज मोजत बसलो. पहाटे चारला उठणं जमलं नाही, पण चारपर्यंत जागणं जमलं!

अखेर रूममेटनेच सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावून दिला. समुपदेशक बाईंनी शांतपणे विचारलं, "झोपताना मोबाईल कुठे असतो?"

"हातात. आत्ताही गादीवरूनच बोलतोय, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितलं. आमची खोली एकच, त्यामुळे तो आता घरमालकीण काकूंकडे झोपायला असतो.

नंबर लिहून ठेवा: १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलतात.