कळ दाबली, बोटाला कळलं का?

सातारा जिल्ह्यात शिरवळला गोदरेजचे टाइपरायटर बनायचे. २००९ मध्ये ते उत्पादन बंद झालं. यंत्र जुनं झालं की जातं, त्याचं दुःख नाही. पण त्या यंत्रावर कळ दाबली की अक्षर उमटल्याचं बोटाला तिथल्या तिथे कळायचं. सांगली-साताऱ्याच्या टायपिंग क्लासांतून ती यंत्रं हलली, स्वस्तातले रबरी कीबोर्ड आले आणि हा गुणही यंत्रांबरोबर भंगारात गेला.

रबरी कळ हळूच दाबून बघा. मळलेल्या कणकेत बोट रुतावं तशी ती आत जाते. अक्षर नेमकं कुठे लागलं ते कळत नाही, म्हणून मुलं प्रत्येक कळ तळाला आपटतात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत सुटा सुटा टाकला तर १० कळा लागतात. त्यात पाय मोडायची कळ दोनदा, शिवाय ‘ष’साठी शिफ्ट. पाय मोडायचा राहिला की शब्दच मोडला. आणि लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीला मराठीत मिनिटाला ३० शब्दांची अट आहे.

यावर उपाय आहे मेकॅनिकल कीबोर्ड. त्यात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच आणि स्प्रिंग असते. जर्मनीच्या चेरी कंपनीने रंगांवरून पाडलेली नावं आता सगळीकडे चालतात. कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, अक्षर मात्र साधारण निम्म्यावरच लागतं. लाल स्विच ४५ ग्रॅमच्या आसपास दाबाने सरळ खाली जातो, वाटेत अडथळा नाही. तपकिरीला ५५ लागतात आणि मध्येच बारीकसा उंचवटा बोटाला जाणवतो. निळ्याला ६०, उंचवट्यासकट वर खट् असा आवाज.

साताऱ्याला भाच्याच्या लाल स्विचच्या कीबोर्डवर मी पानभर मजकूर टाकला. तो त्यावर गेम खेळतो, त्याला तो झकास आहे. माझी बोटं मात्र कळांवर नुसती टेकली तरी काना दोनदा पडत होता. शिकणाऱ्याला लाल देऊ नये. निळा घरी एकट्याने वापरायला उत्तम, पण वीस जणांच्या खोलीत मास्तरांचा आवाज ऐकू येणार नाही. क्लासला तपकिरीच हवा. बोटाला खूण मिळते, शेजाऱ्याला त्रास नाही.

किंमत रबरीच्या कितीतरी पट आहे, मान्य. पण असा स्विच ५ कोटींहून जास्त वेळा दाबला तरी टिकतो, असं चेरी सांगते. क्लासचालकांनी निदान एक रांग तरी बदलावी, परीक्षा जवळ आलेल्या मुलांसाठी. आणि आईवडिलांनो, फी भरण्याआधी मुलीला किंवा मुलाला तिथल्या कीबोर्डवर डोळे मिटून एक ओळ टाइप करायला सांगा. अक्षर कुठे लागलं ते बोटांना कळत नसेल, तर दुसरा क्लास बघा.