लिनक्सवाले मास्तर

यात्रांचा मोसम आला की नारायणगावात तमाशाच्या राहुट्या पडतात, यात्रा कमिट्या सुपारी द्यायला धावतात आणि पुणे-नाशिक रस्त्यावरच्या पेठ गावात एक गृहस्थ प्रिंटरची वायर शोधू लागतात. असा गृहस्थ गावोगावी असतोच. त्याला मास्तर म्हणतात. शाळेत त्याने कधी शिकवलेलं नसतं, पण हाती लागलेल्याला शिकवल्याशिवाय सोडलेलंही नसतं.

ऑर्केस्ट्रातला पोरगा कीबोर्ड काखोटीला मारून येतो. (कंपनी कुठलीही असो, गावाच्या लेखी तो कॅसिओच.) चार गाणी आत भरून हवी असतात. कंपनीचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालणारं. मास्तरांनी विंडोज आणि तंबाखू एकाच वर्षी सोडली. तंबाखू परत सुरू झाली.

"मास्तर, ड्रायव्हर टाकावा लागंल ना?"

"लिनक्सला लागत नाही. वायर खोच."

आणि हे बहुतेकदा खरंही निघतं, त्यामुळे मास्तरांना आवरायला कुणी उरत नाही. प्रिंटरची ती चौकोनी तोंडाची वायर बसते, काळ्या पडद्यावर 'एप्लेमिडी' टाइप होतं, कीबोर्डचं नाव झळकतं. मग व्याख्यान. मिडी ही वाद्यांची भाषा, १९८३ सालची. तिच्या फायलीत आवाज नसतोच. कुठली पट्टी, किती जोरात, कधी सोडायची, एवढाच हिशेब. म्हणून अख्खी लावणी मोबाईलमधल्या एका फोटोपेक्षा लहान. पोरग्याने आणलेली असते एमपीथ्री. दशक्रियेला कुणी डीजे लावावा तसे मास्तर त्याच्याकडे बघतात.

शेवटी मिडी फाईल कुठून तरी पैदा होते आणि लावणी वाजते. पण मिडीसाठी १९९१ साली ठरलेल्या १२८ आवाजांच्या यादीत सतार आहे, शहनाई आहे, बँजोसुद्धा आहे (आपल्या बँजो पार्टीतला नव्हे, अमेरिकेतला). तालवाद्यांची यादी वेगळी, तिच्यातही ढोलकीचा पत्ता नाही. लावणीवर इंग्रजी ड्रमसेट वाजू लागतो. दारात बसलेला ढोलकीवाला इतका वेळ घाम पुसत होता, तो आता चहा मागवतो.

"पण मास्तर, हे लॅपटॉपातनं वाजतंय. कॅसिओत कुठं गेलं?"

हा प्रश्न मास्तरांना आवडत नाही. ते दुसरी आज्ञा शोधू लागतात. तेवढ्यात पोरगा कीबोर्ड फिरवतो.

"मागं पेनड्राइव्हचं भोक हाये की!"

मास्तर चष्मा पुसतात. "आहे. पण पेनड्राइव्ह फॅट-थर्टीटूच लागते. तुझी आण इकडं, फॉरमॅट मारून देतो."