गाडी आहे ना!

मुळगावाहून डिचोलीचा बाजार चालत गाठता येतो. माझी आजी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन जायची आणि भाजी विकून पुन्हा चालत यायची. पण ती शिकलेली नव्हती. मी शिकलेला. 2012 साली मुख्यमंत्री पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ पुसून टाकला, लिटरमागे 11 रुपये उतरले. एवढी बचत होत असताना गाडी नसणे म्हणजे शुद्ध नुकसान, असा हिशेब करून मी कर्ज काढले. पुढे व्हॅट हळूहळू परत आला. गाडी तोवर घरातली झाली होती.

2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख भरली. नोंदणी झालेल्या वाहनांनी हा आकडा केव्हाच मागे टाकला आहे, आणि बुधवारी, डिचोलीच्या बाजाराच्या दिवशी, ही सगळी वाहने एकदमच सुक्या मिरच्या न्यायला आलेली असतात. बस नाही असे नाही. 1980 पासून सरकारी कदंब बस आहे, खासगी मिनीबस आहेत. फक्त दिवेलागण झाली की त्या विरळ होतात. शिवाय थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला गावातला प्रत्येक गाडीवाला काच खाली करून विचारतो, "गाडी बिघडली काय?" हा प्रश्न चुकवण्यासाठीच निम्मा गोवा गाडी चालवतो, असे माझे मत आहे.

चतुर्थीच्या आधीचा बुधवार. गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचे सामान आणायचे होते. बायको म्हणाली, "बसने जाऊया." मी म्हणालो, "गाडी आहे ना!"

बाजारात शिरलो तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना सत्तरी तालुक्यातल्या बाया बसलेल्या, पुढ्यात कांगणे, आंबाडे, कवंडळे. मी गाडीतूनच एकीला "कवंडळ कसे दिले?" विचारले. तिने भाव सांगेपर्यंत मागच्या टेम्पोने हॉर्न दाबून धरला आणि मला पुढे जावे लागले. वळसा घालून पुन्हा तिच्यासमोर आलो, तेव्हा भाव वाढला होता. पुढच्या वळशाला तिने माझ्याकडे बघणेच सोडले. एका वळणावर बायको म्हणाली, "मी उतरते." उतरली, आणि नंतर बराच वेळ ती मला प्रत्येक फेरीत दिसत होती, दर फेरीला तिची पिशवी जड झालेली.

जागा शोधत मी बाजाराबाहेर पडलो, वस्तीबाहेर पडलो आणि मुळगावच्याच वाटेवर बराच मागे आलो. तिथे एका वडाखाली अशी सुरेख जागा सापडली, की तिला सोडून आपण उगाच भटकत होतो असे वाटले. सावली, सपाट जमीन, मागेपुढे कोणी नाही. गाडी लावली, दोनदा सरळ केली आणि बाजारात परत जायला बस पकडली.

"पात्रांव, गाडी बिघडली काय?" कंडक्टरने विचारले.

"नाही, पार्क केलीय."

त्याने तिकीट फाडता फाडता वडाकडे बघितले, मग माझ्याकडे बघितले.

बायको नारळाची पेंड आणि सुपारीचा शिपटा घेऊन बसस्थानकावर उभी. गाडी कुठे लावली ते सांगितल्यावर म्हणाली, "आणखी थोडे मागे गेला असतात तर आपल्या अंगणातच लागली असती." वडाकडे चालत जाण्यापेक्षा समोर उभी असलेली मुळगावची बस बरी, म्हणून चढलो. खिडकीतून गाडी दिसली, छान सावलीत उभी. पण मांडीवर तोरंजने होती, पायांत नारळ होते, आणि मागून "फुडें वच, फुडें वच" चालू होते. बस थेट घराजवळ थांबत असताना मधेच सगळे सामान घेऊन उतरायचे कशाला?

संध्याकाळी गाडी आणायला निघालो, तर मुंबईचा भाऊ सहकुटुंब दोन गाड्या घेऊन हजर. अंगण भरले. म्हटले, राहू दे तिथेच. चतुर्थीच्या दिवसांत तशी जागा पुन्हा मिळायची नाही. ऐनवेळी कापूर संपला, करंज्यांना खसखस कमी पडली, आणि प्रत्येक खेपेला भाऊ म्हणाला, "माझी गाडी ने." त्याच्या गाडीने गेलो असतो तर ती कुठे लावणार? वडाखाली तर माझी होती. बसने जात राहिलो. जाता-येता गाडीवर नजरही राहायची. एकदा खाली उतरून तिच्यावरची पाने झाडली आणि मागची बस पकडली.

गणपती पोचवून झाल्यावर भाऊ गेला आणि मी चावी खिशात घालून निघालो. बस भरलेली होती. वड जवळ आला तसा कंडक्टरने दरवाजावर थाप मारली आणि ओरडला, "गाडयेकडेन कोण देंवता?"

मी उठेपर्यंत दोन बाया माझ्या आधी उतरल्यासुद्धा.