‘नये’ येईपर्यंत हलू नये
(सकाळचा रेडिओ ऐकू इच्छिणाऱ्या नवशिक्यांसाठी, वेंगुर्ले आवृत्ती)

रेडिओ ऐकायला कान लागतात, हा नवशिक्यांचा पहिला गैरसमज. कान सतार ऐकायला लागतात. सकाळच्या रेडिओला लागते एक फळी, दोन सेल, चुलीवर घावण्याचा तवा आणि ‘काय सांगल्यान?’ असं दर दोन मिनिटांनी विचारणारं निदान एक माणूस. एवढं घरात असलं की बाकीचं शिकवता येतं.

हे धडे मीडियम वेव्हचे आहेत, हे आधीच सांगतो. एफएमवाल्यांनी आणि मोबाइलवर अ‍ॅप उघडून बसणाऱ्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. तिथे आवाज स्वच्छ येतो, म्हणजे शिकण्यासारखं काही उरत नाही.

आधी रेडिओची जागा ठरवावी. ओटी आणि स्वयंपाकघर यांच्या मधली फळी उत्तम, कारण तिथून तो दोन्हीकडे अर्धाअर्धा ऐकू येतो. मग दिशा. रेडिओच्या पोटात एक काळी कांडी आडवी ठेवलेली असते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. त्या कांडीचं टोक केंद्राकडे झालं की आवाज मरतो, कूस केंद्राकडे झाली की येतो. वेंगुर्ल्याचं नशीब असं की पणजी दक्षिणेला आणि रत्नागिरी, मुंबई उत्तरेला. म्हणजे रेडिओचं तोंड दक्षिणेकडे करून ठेवलं की तिन्ही केंद्रं साधतात. हे मी एकदा घरात सप्रयोग समजावून सांगितलं. आजीने शांतपणे उठून रेडिओ उलटा फिरवला. दक्षिण यमाची, तिकडे तोंड करून सकाळच्या पारी कोण बोलतो? आवाजात तसूभर फरक पडला नाही, कारण पाठ कुठली नि पोट कुठलं हे कांडीला कळत नाही. नवशिक्यांनी यातून घ्यायचं ते एवढंच, की आजीच्या आणि विज्ञानाच्या म्हणण्यात दर वेळी भांडण लावायची गरज नसते.

काटा कुठे लावावा? पणजी 1287 वर, रत्नागिरी 1143 वर. रत्नागिरीचं केंद्र 1977 साली सुरू झालं. त्याआधीपासून आमच्याकडे पणजीच मोठ्याने बोलायची, जिचा जन्म 1946 साली पोर्तुगीज अमलात ‘एमिसोरा द गोवा’ म्हणून झालेला. सरळ रेषेत धरलं तर पणजी पन्नासेक किलोमीटर आणि रत्नागिरी तिच्या दुप्पट-तिप्पट लांब. त्यामुळे आमच्या आधीच्या पिढीला जिल्ह्याच्या ठिकाणी काय चाललंय यापेक्षा म्हापशाच्या बाजारात काय चाललंय हे जास्त ठाऊक असे, आणि याची कुणाला खंतही नसे.

आता वेळ. पहाटे रेडिओ लावला की मुंबई अशी येते जशी शेजारच्या घरात कुणी बोलतंय. नवशिके इथे हुरळतात आणि काटा मुंबईवर ठेवून आंघोळीला जातात. परत येईपर्यंत मुंबई बुडालेली असते. रात्री या लहरी वरच्या वातावरणावर आपटून शेकडो मैल लांब उतरतात. सूर्य वर आला की वातावरणाचा खालचा थर जागा होतो आणि त्यांना गिळून टाकतो. म्हणून पहाटे मुंबई, आणि उजाडल्यावर जवळचं केंद्र.

सुरुवातीची ती व्हायोलिनची धून चुकवू नये. वॉल्टर कॉफमन नावाच्या, 1930च्या दशकात युरोपातून मुंबईत आलेल्या एका ज्यू संगीतकाराने ती बांधली. आमच्या घरी तिला ‘चायची धून’ म्हणतात. दशावताराच्या मोसमात रात्रभर नाटक बघून परतणाऱ्यांना ती झोपेची धून वाटते, हेही नोंदवून ठेवतो. पाच मिनिटं कमी सातला संस्कृत बातम्या. त्या 1974 पासून चालू आहेत आणि आजोबा त्या रोज मान हलवत ऐकायचे. एकदा विचारलं, काय म्हणाले? तर म्हणाले, ‘आज विशेष काय नाय.’ संस्कृत बातम्या ऐकण्याची हीच अधिकृत पद्धत समजावी.

यानंतर मुख्य धडा, आणि इथे सगळ्यांनी तवा बाजूला ठेवून बसावं.

सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या लागतात. मराठी वाक्याचं सगळं हित शेवटच्या शब्दात असतं, ही गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकात नुसती वाचायला मिळते, ती भोगायला सकाळचा रेडिओ लागतो. कर्ता येतो, कर्म येतं, ठिकाण येतं, दिवस येतो, आणि ‘आहे’ की ‘नाही’ ते अगदी शेवटी. नेमकं तेव्हाच काहीतरी होतं. फोडणी पडते. कुकरची शिट्टी होते. सायकलवरचा पाववाला दारात भोंगा दाबतो. पूर्ण वाक्य ऐकूनही आपल्याला त्याच्या नेमकं उलटं काहीतरी कळलेलं असतं.

उदाहरण आमच्याच ओटीवरचं. पावसाळा संपता संपताचे दिवस. बातम्यांत हवामान लागलं. शेजारचे काका, रापणीवर जाणारे, गडग्याशी येऊन उभे. आत आजी घावणे घालतेय, बाबा दाढी करतायत, मी दप्तर भरतोय. रेडिओ म्हणाला, ‘मच्छीमारांनी पुढील दोन दिवस खोल समुद्रात जाऊ...’ आणि पाववाला आला.

आजी म्हणाली, ‘जाऊचा म्हणता.’ बाबा म्हणाले, जाऊ शकतात असं म्हणाला. आई म्हणाली, तो मच्छीमारांना नाही, पर्यटकांना सांगत होता. मी म्हटलं, ‘जाऊ नये’ म्हणाला, आणि मी सर्वांत लहान असल्यामुळे माझं मत बाद झालं. आजीने वर पुस्ती जोडली की पावसाचं म्हणाल तर ‘माज्या ढोपरांनी ता कालच सांगल्यानी.’ सगळे काकांकडे बघायला लागले. काका गडग्यावर हात ठेवून हसले आणि म्हणाले, ‘वारो मी पाटेक बघलंय. रेडिओक कळला काय तेवढा बघूक इलंय.’

काका तेव्हा गेले नाहीत. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळ येऊन गेल्यापासून मात्र त्या वाक्याच्या वेळी आमच्याकडे कुणी फोडणी टाकत नाही. म्हणून नियम असा: ‘नये’ येईपर्यंत हलू नये. पाववाल्यालाही हाताने थांबवावं. तो थांबतो, त्याच्याही घरी रेडिओ आहे.

सात पंचवीसला ‘दिलखुलास’. राज्य सरकारच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचा हा पंधरा मिनिटांचा मुलाखतीचा कार्यक्रम राज्यातल्या केंद्रांवरून लागतो. विषय योजना, आरोग्य, शेती, दक्षता, पुरस्कार असे काहीही. नवशिक्यांसाठी हा सोपा पाठ आहे, कारण इथे शेवटचा शब्द चुकला तरी बिघडत नाही. पाहुण्यांचं पहिलं वाक्य बहुधा ‘नक्कीच’ने सुरू होतं. पहिल्या आठवड्यात फक्त ‘नक्कीच’ मोजावेत. दुसऱ्या आठवड्यापासून योजनेचं नाव लक्षात ठेवायचा प्रयत्न करावा. कागदपत्रांची यादी सांगायला लागले की मात्र पेन्सिल हवीच, आणि ती शेवटच्या क्षणी कधीच सापडत नाही. फळीवर दोरीला बांधून ठेवावी, पोस्टात पेन बांधलेलं असायचं तशी.

गावाचं नाव रेडिओवर येण्याची वाट सगळेच बघतात. आमचं नाव बहुतेक वेळा शेतीच्या कार्यक्रमात येतं, आणि तेही नंबर लावून: वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7. या काजूच्या जाती. 1957 पासून इथे फळ संशोधन केंद्र आहे, तिथून निघालेल्या. कोकणभर शेतकरी ‘वेंगुर्ला सात लावलाय’ म्हणतात, तेव्हा आम्हाला पत्त्याचं पान टाकल्यासारखं वाटतं. शिवाय घरात लगेच वाद: गाव वेंगुर्ले, मग काजू वेंगुर्ला का? हा वाद सुटत नाही, पण कार्यक्रम संपेपर्यंत पुरतो. दुसरा प्रसंग गाण्यांच्या वेळी. निवेदिका ‘गीत मंगेश पाडगावकर’ म्हणाली की जो कोणी घरात असेल त्याने मोठ्याने ‘आमचे’ म्हणायचं असतं. पाडगावकरांचा जन्म 1929 सालचा, वेंगुर्ल्यातला, आणि पुढे काही वर्षं ते मुंबई आकाशवाणीवर नोकरीलाही होते. तेव्हा ‘आमचे’ म्हणण्याचा आमचा हक्क दुहेरी आहे. गाणं माहीत असण्याची अट नाही.

स्वतःचं नाव ऐकण्याच्या फंदात मात्र पडू नये. मी शाळेत असताना एका केंद्राच्या पत्रोत्तराच्या कार्यक्रमाला पोस्टकार्ड पाठवलं होतं. तीन आठवडे रोज ऐकलं. चौथ्या आठवड्यात सेल बसले. ते काढून अंगणात उन्हात ठेवले, तसे ठेवले की आणखी दोन दिवस निघतात. नेमका त्याच दिवशी माझं पत्र वाचलं. मला ते कळलं संध्याकाळी, शेजारच्या काकींकडून. नाव त्यांनी भलतंच सांगितलं, आणि म्हणाल्या, ‘वेंगुर्ला, जिल्हा रत्नागिरी म्हणाले.’ साल 1983. सिंधुदुर्ग जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती. मी स्वतः ते ऐकलं असतं तर जिल्ह्याचं दुःख झालं असतं. न ऐकल्यामुळे सगळ्याचंच झालं.

यावरून शेवटचा धडा. सकाळचा कार्यक्रम एकट्याने पूर्ण ऐकता येत नाही, आणि तसा हट्टही धरू नये. अर्धा आपण ऐकावा, उरलेला मासळी बाजारात गोळा करावा. तिथे कुणी सुरुवात ऐकलेली असते, कुणी शेवट, कुणी फक्त आकडा. बांगड्याचा भाव करता करता बातमी जुळवत न्यावी. विशेषतः ज्यांनी ती होडीत ऐकली असेल त्यांना गाठावं. खाऱ्या पाण्यावरून या लहरी जमिनीपेक्षा खूप लांबपर्यंत जातात. घरात भिंतीआड खरखरणारी रत्नागिरी पाण्यावर घशातली खाकर सुद्धा ऐकवते. फळीवर दोन तास रेडिओ लावून बसलेल्या आम्हाला बातमी समजावून सांगतो तो रात्रभर जाळ्यावर बसलेला माणूस, आणि तीही ‘नये’ सकट.

साडेआठच्या मराठी बातम्या झाल्या की रेडिओ बंद करावा. नंतरचं ऐकायला घरात कुणी नसतं.

एक सूचना चाकरमान्यांसाठी. गणपती उरकून मुंबईला परतताना देवघर, गॅस, मागचं दार बघता तसं रेडिओतले सेल काढून ठेवा. आमच्या हवेत ते गळतात, स्प्रिंगला हिरवा गंज चढतो, आणि पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी सकाळी सगळं घर पॉलिश पेपर शोधत फिरतं.