श्यामच्या वडिलांचं काय?

नवा बाप लांबून ओळखू येतो. डाव्या खांद्यावर दुपटं, शर्टावर दुधाचा सुकलेला ओघळ आणि हातात 'श्यामची आई'. हे पुस्तक त्याला बारशाला एखादी मावशी देते. बाळाला झबली-टोपडी, बाळाच्या आईला साडी, मग बापाला काय द्यायचं, हा पेच मराठी माणसानं कायमचा असा सोडवून टाकला आहे.

लहानपणी त्यानं ते वाचलेलं असतंच. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत, शेजाऱ्यांची काच फोडल्यावर, आईनं ते हातात कोंबलेलं असतं. तेव्हा तो श्यामच्या बाजूनं होता. आता त्यानं पक्षांतर केलं आहे. शिवाय घरात त्याला दुसरं काम नाही. शेकशेगडी सासूबाईंकडे, मालीश मालीशवाल्या बाईंकडे, दूध बायकोकडे. याच्या वाट्याला येते ती रात्रपाळी: बाळाला खांद्यावर टाकून ढेकर काढणे. ढेकर काही वेळापत्रकानं येत नाही, तोवर वाचन होतं. या पुस्तकात प्रकरणांना 'रात्र' म्हणतात आणि अशा बेचाळीस रात्री आहेत, हे त्याला आता मनापासून पटतं. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक पाच दिवसांत लिहून काढलं, असं कळताच तो उद्गारतो, "पाच दिवस! सलग!" त्यात आदर किती आणि हेवा किती, ते सांगणं अवघड आहे.

मग रडणं सुरू होतं. कळा सोसल्या बायकोनं, जागरणं तिची, आणि डोळे सुजलेत याचे. "जावईबापूंनाही थोडा ओवा द्यावा का गं?" सासूबाई लेकीला हळूच विचारतात.

रडून झालं की तो वाचलेलं अमलात आणायला घेतो. न्हालेल्या श्यामच्या पायांना माती लागू नये म्हणून आई लुगड्याचे ओचे पसरते, हे वाचून त्यानं बाळाच्या तळव्यांखाली ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट पसरला. बाळानं त्या शर्टाचं जे करायचं ते केलं. श्यामला पोहायला धाडण्यासाठी आई शिंपटी हातात घेते, तिथे तर तो अंगाला घाम फुटेपर्यंत गुंतला आणि पहाटे तीनला पोहण्याच्या क्लासची चौकशी करू लागला. बाळानं अजून मानही धरलेली नव्हती.

अर्धं पुस्तक संपता संपता मात्र त्याला एक शंका छळू लागते. आई सगळीकडे आहे. पण श्यामच्या वडिलांचं काय? ते बिचारे कर्जात बुडालेले, जमिनीच्या भांडणात पिचलेले, आणि मुखपृष्ठावर त्यांचं नाव नाही. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी सिनेमा काढला, त्याला पुढच्या वर्षी राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. पण नाव तेच, 'श्यामची आई'. "बापांवर अन्याय आहे हा," तो बाळाला सांगतो. बाळ ढेकर देतं. याला तो अनुमोदन समजतो.

आणि मग त्याला अळणी भाजीचं प्रकरण सापडतं. आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि वडील मिठाचं नावही न काढता भाजी खातात. अखेर एक आदर्श मिळाला, तोही बसल्या जागी पाळता येण्याजोगा! आता तो फक्त संधीची वाट पाहतो. संधी येते. जागरणानं पेंगुळलेल्या सासूबाईंकडून शेपूच्या भाजीत मीठ राहून जातं. हा दोनदा वाढून घेतो, बोटं चाटतो, वर म्हणतो, "आई, आज भाजी फक्कड!"

बायको पहिल्याच घासाला थांबते. भाजीकडे बघते, मग याच्याकडे.

"तुला खरंच चव लागली?"

"उत्तम!"

"वास येतोय का? घसा दुखतोय? आई, याला आधी बाळापासून लांब कर!"

खुलासा करावा तर सासूबाई ओशाळणार. तो आदर्शाला जागून गप्प बसतो. तोंडाला मास्क लावून, पुस्तक आणि उशी देऊन त्याची रवानगी हॉलमधल्या सोफ्यावर होते. दार आतून बंद. त्या रात्री तो सलग आठ तास झोपला, आणि थोर साहित्यानं माणसाचं आयुष्य बदलतं, हे त्याला प्रथमच पटलं.